ऑनलाइन सेवा बंद पडली तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो, पत्रं, हिशेब, लिखाण, माणसांचे पत्ते, गाणी, पुस्तकं. आयुष्यातलं बरंच सामान आपण आता दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवतो आणि ते तिथे कायम राहणार असं धरून चालतो. ओळखीतली माणसं मला याबद्दल तेच ते प्रश्न विचारतात, बहुतेकदा वेळ निघून गेल्यावर. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: सेवा बंद होणं हा अपघात नाही, तो बहुतेक सेवांचा नेहमीचा शेवट आहे. सामान हलवायचं तर ती सेवा धडधाकट असतानाच हलवायला हवं.

एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या सेवा खरंच बंद पडतात का?

हो, आणि त्यांची यादी लांबलचक आहे. जिओसिटीज १९९४ साली सुरू झाली. लाखो लोकांनी आपलं पहिलंवहिलं संकेतस्थळ तिथे बांधलं. याहूने १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त मोल देऊन ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. ऑर्कुट हे गूगलचं समाजमाध्यम २००४ ते २०१४. ब्लॉग आणि बातम्या एकाच जागी वाचायची सोय, गूगल रीडर, २००५ ते २०१३. गूगल प्लस हे दुसरं समाजमाध्यम २०११ ते २०१९. याहू ग्रुप्स या गटचर्चांच्या सेवेचा बराचसा जुना मजकूर आधीच पुसला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये उरलेली सेवाही संपली. स्काइप २००३ पासून चालू होतं. एके काळी ‘स्काइप करू या’ म्हणजेच व्हिडिओवर बोलू या, एवढं ते नाव रुळलेलं होतं. मे २०२५ मध्ये तेही गेलं.

कंपनी टिकणं वेगळं आणि तिची एखादी सेवा टिकणं वेगळं. ऑर्कुट बंद झालं तेव्हा गूगल बुडालेली नव्हती. उलट ती तेव्हा जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक होती. ‘एवढी मोठी कंपनी आहे, कुठे जाणार?’ या प्रश्नाला म्हणूनच फारसा अर्थ नाही. कंपनी कुठेच जात नाही, तुमचा अल्बम जातो.

पण चालती सेवा कोणी बंद का करेल?

चालणं आणि कंपनीच्या दृष्टीने परवडणं यांत फरक असतो. सर्व्हर, वीज, सुरक्षा, कायद्याच्या पूर्तता आणि हे सगळं सांभाळणारी माणसं, असा खर्च रोजचा असतो. वापरणारे लाखात असले तरी कंपनीला कोटींची अपेक्षा असेल, तर ते लाख तिला कमीच वाटतात. रीडरच्या वेळी वापर घटल्याचं कारण दिलं गेलं. जे रोज सकाळी ते उघडत होते त्यांच्यासाठी ते कारण निरुपयोगी होतं.

दुसरं कारण खरेदी-विक्री. मोठी कंपनी छोटीला विकत घेते तेव्हा कित्येकदा तिला तिथली हुशार माणसं हवी असतात, सेवा नको असते. ट्विटरने पोस्टरस ही लेखनाची सेवा मार्च २०१२ मध्ये घेतली आणि एप्रिल २०१३ मध्ये बंद केली. तुमची आवडती सेवा कोणी विकत घेतल्याची बातमी आली, की अभिनंदन करायच्या आधी आपल्या सामानाची प्रत काढून घ्या.

तिसरं कारण म्हणजे धोका. गूगल प्लसमध्ये वापरकर्त्यांची माहिती उघडी पडू शकेल असा दोष असल्याचं ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर झालं आणि ऑगस्ट २०१९ ही बंदची मुदत ठरली. डिसेंबरात दुसरा दोष सापडला, त्याची व्याप्ती सव्वापाच कोटी खात्यांपर्यंत होती. मग तीच मुदत एप्रिल २०१९ वर आली. जाहीर झालेली तारीखसुद्धा अलीकडे येऊ शकते, हे यातून लक्षात घ्यावं.

बंद करण्याआधी सूचना देतात ना?

बहुतेकदा देतात, पण पुरेशी देतात असं नाही. रीडरच्या वापरकर्त्यांना साडेतीन महिने मिळाले, ऑर्कुटच्या तीन, स्काइपच्या दोन महिन्यांहून थोडे जास्त. याहू आन्सर्स ही प्रश्नोत्तरांची जागा बंद होणार हे एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला कळलं आणि ४ मेला ती बंदही झाली. फाइली ठेवायच्या मेगाअपलोड या सेवेवर जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने टाच आणली, तेव्हा तर एका दिवसाचीही सवड नव्हती. बेकायदा चित्रपट ठेवणाऱ्यांबरोबर स्वतःच्या कामाच्या फाइली ठेवणारेही तिथे अडकले.

आणि सूचना येते ती कुठे येते, हाही प्रश्न आहे. मी लिहायला लागलो तेव्हाचं पहिल्या तीन-चार वर्षांचं लिखाण एका सेवेवर होतं. ती बंद होणार असल्याची पत्रं मला आली होती, एक नव्हे, चार. पण ती आली मी कॉलेजात असताना उघडलेल्या ईमेल पत्त्यावर, जो मी केव्हाच बघायचा सोडला होता. मला कळलं तेव्हा मुदत संपून पाच महिने झाले होते. त्यातल्या दोन-तीन गोष्टी मित्रांना पाठवल्या होत्या म्हणून परत मिळाल्या. बाकीच्या मिळाल्या नाहीत. ते लिखाण फार थोर होतं असं नाही, पण त्या वयातला मी परत लिहून काढता येत नाही. म्हणून विनंती: ज्या ज्या सेवेवर तुमचं काही ठेवलेलं आहे, तिथे तुमचा चालू ईमेल पत्ता आहे ना, हे आधी बघा.

सेवा चालू असतानाही डेटा जाऊ शकतो का?

जाऊ शकतो. ‘सेवा बंद’ या शब्दांनी आपलं लक्ष एकाच संकटाकडे जातं, पण सामान हातचं जाण्याचे रस्ते बरेच आहेत.

मायस्पेस या समाजमाध्यमाचं उदाहरण मला सगळ्यांत जास्त लागतं. मार्च २०१९ मध्ये त्यांनी मान्य केलं, की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत नष्ट झालं. अंदाजे पाच कोटींहून जास्त गाणी होती ती. त्यात असे असंख्य हौशी वादक असणार, ज्यांच्या गाण्याची ती एकच प्रत उरलेली होती. सेवा चालू होती, पान उघडत होतं. फक्त गाणं नव्हतं.

नियम बदलूनही सामान जातं. फ्लिकर या फोटो ठेवायच्या सेवेवर मोफत खात्याला एक टेराबाइट जागा मिळायची. नोव्हेंबर २०१८ मध्ये नव्या मालकांनी मोफत खात्याची मर्यादा हजार फोटोंवर आणली आणि त्यापुढचे फोटो काढून टाकले जातील असं जाहीर केलं. फोटोबकेट या तशाच सेवेने २०१७ मध्ये इतर संकेतस्थळांवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागायला सुरुवात केली, आणि माहितीने भरलेल्या हजारो जुन्या चर्चांमधली चित्रं एका झटक्यात दिसेनाशी झाली. गूगलने २०२३ मध्ये नियम केला, की दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या मजकुरासह काढून टाकता येईल. त्याची अंमलबजावणी त्याच डिसेंबरपासून सुरू झाली.

आगही लागते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून गेली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. ‘क्लाउड’ म्हणतात ती शेवटी कुठेतरी उभी असलेली इमारतच असते.

आणि सर्वांत नेहमीचा प्रकार, ज्याची बातमी होत नाही: खातं लॉक होणं. कोणत्या तरी यंत्रणेला संशय येतो, किंवा ज्या फोन नंबरवर कोड येतो तो तुम्ही केव्हाच सोडलेला असतो आणि आता तो दुसऱ्याच कोणाला मिळालेला असतो. सेवा सगळ्या जगासाठी चालू असते, तुमच्यापुरती बंद. कंपनीची सेवा बंद होण्यापेक्षा याची शक्यता मला जास्त वाटते, आणि इथे महिनाभराची सूचनाही नसते.

मी पैसे भरतो. मग मी सुरक्षित आहे का?

मोफतपेक्षा बरं, एवढंच. पैसे देणारा असला की सेवेला टिकायला एक कारण असतं आणि तक्रारीला निदान कान मिळतो. पण ज्या अटींवर आपण ‘मान्य’ म्हणतो, त्यांत डेटा गेला तर भरपाई किती, याला कंपनीने बहुतेकदा कडक मर्यादा घातलेली असते.

‘विकत घ्या’ या बटणाबद्दल तर मला तळमळीने सांगायचं आहे. डिजिटल पुस्तक, चित्रपट किंवा खेळ आपण बऱ्याचदा विकत घेतच नाही, वापरायची परवानगी घेतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ईपुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडायची थांबली. पूर्ण पैसे परत दिले गेले. ज्यांनी पुस्तकांत टिपा लिहून ठेवल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर. वाचताना समासात लिहिलेल्या शब्दांना किंमत असते हे कंपनीलाही कळलं होतं, तरी ते शब्द परत करण्याची सोय कोणाकडे नव्हती. ॲमेझॉनने २००९ मध्ये, विक्रेत्याकडे हक्क नसल्याचं लक्षात आल्यावर, लोकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून काही विकलेल्या पुस्तकांच्या प्रती दुरूनच काढून टाकल्या होत्या. तिथेही पैसे परत मिळाले. पुढे कंपनीने त्याबद्दल माफीही मागितली.

शक्य असेल तिथे कुलूप नसलेली प्रत घ्या, म्हणजे जी फाइल उतरवून कुठल्याही यंत्रावर उघडता येते ती.

घरातली ‘स्मार्ट’ उपकरणंही यात येतात का?

येतात. रिव्हॉल्व्ह हे दिवे, कुलपं वगैरे एका जागेवरून चालवणारं उपकरण होतं. नेस्ट या घरगुती स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने ते बनवणारी कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये त्यामागचा सर्व्हर बंद केला. उपकरणात काहीही बिघाड नव्हता, पण ते निकामी झालं. असं काही घेताना एकच विचारा: इंटरनेट नसेल तर हे चालतं का?

माझं सगळं आपोआप सिंक होतं. मग बॅकअप झालाच ना?

नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. सिंक म्हणजे दोन ठिकाणची परिस्थिती एकसारखी ठेवणं. तुम्ही फोनवरून फोटो पुसला की तो सगळीकडून पुसला जातो. एखादी फाइल बिघडली की बिघडलेलीच फाइल सगळीकडे पोचते. काही दिवस कचरापेटीत राहते, तेवढाच दिलासा. बॅकअप म्हणजे आजच्या चुकीचा ज्याला स्पर्श होत नाही अशी वेगळी प्रत.

आणखी एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. गूगल डॉक्समधले दस्तऐवज संगणकावरच्या गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये दिसतात खरे, पण त्या नुसत्या दुव्याच्या फाइली असतात. मजकूर त्यांत नसतो. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून निर्धास्त झालात, तर तुमच्याकडे दाराचा पत्ता आहे, घर नाही. असे दस्तऐवज वर्ड किंवा पीडीएफ स्वरूपात मुद्दाम उतरवून घ्यावे लागतात.

‘तुमचा डेटा डाउनलोड करा’ हे बटण दाबलं की काम झालं का?

निम्मं झालं. बटण आहे हेच मोठं आहे. गूगलची टेकआउट सोय २०११ मध्ये आली, आणि २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या कायद्याने आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात मागण्याचा हक्क तिथल्या लोकांना दिला. त्यानंतर अशी बटणं बऱ्याच ठिकाणी दिसू लागली.

पण उतरवलेलं उघडून बघा. गूगल फोटोजमधून सगळं बाहेर काढलं, की फोटोच्या शेजारी जेसॉन प्रकारच्या छोट्या फाइली येतात आणि तुम्ही तिथे लिहिलेलं वर्णन किंवा बदललेली तारीख त्यांत असते. त्या कचरा समजून पुसू नका. मोठं खातं असेल तर पाच-दहा तुकडे येतात, त्यातला एखादा अर्धवट उतरतो आणि ते महिन्यांनी कळतं. उतरवायचा दुवाही काही दिवसच चालतो.

काही गोष्टी तर कुठलंच बटण देत नाही. तुमच्या लिखाणावर इतरांनी लिहिलेलं, गटातल्या गप्पा, कोण कोणाला कसं ओळखायचं ते जाळं. तुम्हाला मिळतात तुमची वाक्यं. समोरच्याची उत्तरं त्याची असतात. ऑर्कुटवरचे स्क्रॅप, म्हणजे एकमेकांच्या पानावर लिहिलेले संदेश, आणि समूह ज्यांनी अनुभवले त्यांना हे वेगळं सांगायला नको. जी माणसं तुम्हाला फक्त एकाच सेवेवर भेटतात त्यांचा फोन नंबर किंवा ईमेल आजच मागून घ्या. याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

कोणत्या स्वरूपात ठेवावं?

जे उघडायला एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही अशा. लिखाणासाठी साधी टेक्स्ट फाइल किंवा पीडीएफ, फोटोसाठी जेपेग, हिशेबाच्या तक्त्यांसाठी सीएसव्ही, पत्रांसाठी एमबॉक्स, पत्त्यांसाठी व्हीकार्ड, पुस्तकांसाठी कुलूप नसलेलं ईपब.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट बघावी. युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षरं सारखीच दिसतील अशी पद्धत, रुळण्याआधी वेगवेगळ्या फॉन्टमध्ये टाइप केलेला पुष्कळ मराठी मजकूर अजून लोकांच्या डिस्कवर पडून आहे. तो फॉन्ट नसेल तर तिथे अक्षरं नाहीत, नुसती रोमन चिन्हांची खिचडी दिसते. असं काही तुमच्याकडे असेल तर ते युनिकोडमध्ये बदलून घ्या. तो फॉन्ट ओळखणारी माणसं आणि बदलून देणारी साधनं आज मिळतात, आणखी वीस वर्षांनी शोधत बसावं लागेल.

किती प्रती पुरेत?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम अजूनही सर्वांत सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. घरच्या माणसासाठी याचा अर्थ संगणकावर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी, आणि तिसरी ऑनलाइन किंवा दुसऱ्या घरी ठेवलेल्या डिस्कवर.

‘वेगळी’ म्हणजे खरोखर वेगळी हवी. कोड स्पेसेस या कंपनीचा सगळा कारभार आणि बॅकअप एकाच क्लाउड खात्याखाली होता. जून २०१४ मध्ये हल्लेखोराच्या हाती ते खातं लागलं, त्याने दोन्ही पुसलं आणि कंपनी बंद झाली. याच्या उलट, मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरचं खातं गूगलच्या बाजूच्या चुकीने पुसलं गेलं. सहा लाखांहून जास्त सभासद काही दिवस ताटकळले, पण दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअप कामाला आला आणि सगळं परत उभं राहिलं.

हार्ड डिस्कही अमर नसते. पाचेक वर्षांनी नवी घ्या आणि जुन्यावरचं तिच्यावर उतरवा.

सार्वजनिक पानं तरी इंटरनेट आर्काइव्हवर सापडतीलच ना?

काही सापडतील. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही संस्था संकेतस्थळांच्या प्रती जपते. ती जे करते त्याबद्दल मला अपार आदर आहे. जिओसिटीज बंद होताना ही संस्था आणि बंद होणाऱ्या सेवांवरचा मजकूर वाचवणाऱ्या आर्काइव्ह टीम या गटाचे स्वयंसेवक धावले म्हणून त्यातलं बरंच आज बघायला मिळतं. पण सगळं नाही. लॉगिनच्या आड असलेलं तर त्यांच्या यंत्रणेला दिसतही नाही. आणि त्यांच्यावरही संकटं येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते संकेतस्थळ कित्येक दिवस बंद होतं.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. एखादा लेख महत्त्वाचा वाटला तर नुसता दुवा जपू नका, पान पीडीएफ करून ठेवा.

‘अमक्या खात्याने लॉगिन करा’ ही सोय वापरू का?

वापरा, पण त्याने साखळी तयार होते हे ध्यानात ठेवून. ते एक खातं गेलं तर त्याला लटकलेली वीस दारं एकदम बंद होतात. बँक आणि मुख्य कामाच्या ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा.

या सगळ्याचं मूळ असतो ईमेल, कारण पासवर्ड विसरलात की नवा तिथेच येतो. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घेऊन त्यावर ईमेल ठेवला, तर उद्या ईमेल देणारी कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाही. मात्र डोमेनचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. ते चुकलं आणि डोमेन दुसऱ्याने घेतलं, तर तुमची पत्रं त्याच्याकडे जातील. ज्याच्याकडून तारखा पाळल्या जात नाहीत त्याने हा मार्ग घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवी सेवा घेताना काय बघावं?

बाहेर पडायचा रस्ता. पहिल्याच दिवशी, दहा-बारा नोंदी झाल्या की, सगळं बाहेर काढून बघा. निघतं का, उघडतं का, दुसरीकडे चढतं का? उत्तर नाही असेल, तर तिथे फक्त गेलं तरी चालेल असंच ठेवा.

घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या खात्यांचं काय?

हे आधी बोलून ठेवायला अवघड आहे, नंतर त्याहून अवघड. गूगलमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे, की खातं ठरावीक काळ वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला त्यातला निवडक डेटा मिळतो. ॲपलनेही २०२१ च्या अखेरीस वारस नेमण्याची सोय दिली. दोन्ही त्या माणसाने स्वतः, हयातीतच करून ठेवावी लागतात. आईवडिलांच्या फोनमधले फोटो आणि आवाजाचे संदेश त्यांच्याबरोबर बसून, त्यांना विचारून उतरवून घ्या.

आज माझ्याकडे एकच तास आहे. कुठून सुरुवात करू?

मुख्य ईमेल खात्यापासून. पर्यायी पत्ता आणि फोन नंबर चालू आहेत ना ते बघा. खातं परत मिळवण्यासाठीचे कोड छापून किंवा वहीत लिहून कपाटात ठेवा. मग एकच सेवा निवडा, जिच्यातलं गेलं तर परत कधीच मिळणार नाही अशी. बहुतेकांसाठी ते फोटो असतील. तिचा सगळा डेटा मागवा. तो तयार व्हायला वेळ लागतो, तोवर तुमची आणखी कुठे कुठे खाती आहेत त्यांची यादी कागदावर करा. जुनी, विसरलेली खातीसुद्धा. फाइली आल्या की हार्ड डिस्कवर उतरवा आणि मधलीच कुठलीतरी एक उघडून बघा, शक्यतो दहा वर्षांपूर्वीची.